सब्ज्याचा कोळसा

बेगडेवाडी,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय लैला आपा,

सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? खंडाळ्याच्या थंडीत जिने चढू नकोस म्हटलं, तरी तू ऐकणार थोडीच! मी बरी आहे. जेवते, झोपते, प्रयोगशाळेत जाते.

इर्शादच्या कबरीवरचा सब्जा कोणी ओरबाडला, असं तू विचारलंस. मी म्हटलं, शेळ्यांनी. तुला काही ते पटलं नाही. कबरस्तानातल्या वाहिदचाचांनी सांगितलंच असेल, "शेळ्या कुटल्या? कात्रीनं कापलाय त्यो!" फोनवर पुढे बोलवेना, म्हणून लिहिते. मीच कापला.

आमच्या बॅटरीत गंधक टिकत नाही, हे बायकोचं रडगाणं इर्शादने आपल्या बहिणीला ऐकवलंच असेल. दर चार्जिंगला ते थोडं विरघळतं, नको तिकडे जाऊन बसतं आणि बॅटरी ढेपाळते. त्याला धरून ठेवील असा बारीक छिद्रांचा कोळसा हवा. कामशेतच्या गिरणीतलं भाताचं तूस जाळून पाहिलं, करवंट्या जाळल्या. सगळी मेहनत पाण्यात.

मग सब्जा नेला. वाळलेलाच, आपा. इर्शादच्या मातीत वाढलेला, म्हणजे धरलेलं सोडणार नाही, असं काहीतरी डोक्यात आलं. हस आता मला.

शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी झाली. बाकीच्या कधीच संपल्या, ही अजून पहिल्या दिवसासारखी. प्रयोगशाळेतले आमचे महिपती सर भलतेच खूश आहेत. तारा काढून ठेवल्या तरी ती कोमट राहते, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तशी बॅटरी कोमट राहत नसते. घाटात गाडी उलटली त्या सकाळी निघताना इर्शादने माझा हात धरला होता, तेवढीच ऊब. आधी घाबरले. मग भीती वाटेनाशी झाली.

उद्या सर ती कापणार. "आत गंधक कसं थांबलंय ते बघायलाच पाहिजे, उझमा." त्यांचं बरोबरच आहे. पण दवाखान्यात पोस्टमॉर्टेमसाठी इर्शादला कापलं, तेव्हा मी बाहेर बाकावर गप्प बसून राहिले होते. आता नाही बसणार. तिच्या जागी तुसाच्या कोळशाची ठेवून ही घरी आणली आहे.

लिहिताना ती डाव्या मुठीत आहे. मघाशी मूठ उलटी करून बोटं सोडली. ती पडली नाही.

शुक्रवारी कबरीवर फुलं पाठवू नकोस. तिथे आता कोणी नाही.

आम्हा दोघांचा सलाम,
उझमा