रद्द व्हावं म्हणून केलेलं मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षं एकाहत्तर, इतिहासाचा पदवीधर, धंद्याने चष्मेवाला, अविवाहित, आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांत ‘घंटीवाले’ म्हणून ओळखला जाणारा, देवाच्या दयेने पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. ते आमच्याच विद्यापीठाचे निघाले, म्हणून दुसऱ्याही एका डॉक्टरांचा जोडला आहे.

माझा भाचा वकील आहे. त्याने सांगितलं, “मामा, आपल्या ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात मृत्युपत्र केल्यावर लग्न केलंत, तर ते आपोआप रद्द होतं. तेवढं लक्षात ठेवा.” त्याने हे हसत सांगितलं. मी ते लक्षात ठेवलं, आणि हे मृत्युपत्र रद्द व्हावं अशी इच्छा मनात धरूनच लिहायला बसलो. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट कलम पाच वाचावं. बाकीच्यांनी क्रमाने यावं.

कलम एक. माझं राहतं घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, मी विद्यापीठाला देतो. या शहरात नोकरी शोधायला येणाऱ्या आणि पदवीखेरीज हाती काही नसलेल्या आमच्या पदवीधरांनी इथे राहावं. अट एकच. जेवण होईपर्यंत त्यांना कोणीही “सध्या काय करता?” असं विचारायचं नाही. माझ्या नावाची संगमरवरी पाटी लावायची नाही. आमचं विद्यापीठ ख्रिस्ती. तिथे नम्रता हा पहिल्या वर्षाचा सक्तीचा विषय, आणि त्यात नापास झालेले सगळे दरवर्षी न चुकता मेळाव्याला येतात. त्यांच्यात माझी भर नको.

मेळाव्याची रीत इथे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. चॅपलमध्ये प्रत्येक पदवीधराने उभं राहून वर्षभरात काय केलं ते एका मिनिटात सांगायचं. मिनिट संपलं की हातघंटी वाजते. ती चाळीस वर्षं मी वाजवली. न्यायाधीश, कारखानदार, राजदूत, सगळ्यांना मी वाक्याच्या मध्यावर खाली बसवलं आहे. इतकी सत्ता त्यांच्यापैकी कोणालाही मिळाली नाही.

कलम दोन. माझी शिल्लक एकदा तरी नापास झालेल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वापरावी. पहिल्या नंबरवाल्यांना देणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडची एक मुलगी वनस्पतिशास्त्रात दोनदा आपटली. तिसऱ्यांदा काठावर पास झाली. आज खाऱ्या जमिनीत उगवणारं बियाणं तिने तयार केलं आहे. मेळाव्यात ती म्हणाली होती, “माझं बियाणंसुद्धा तिसऱ्या खेपेलाच उगवलं.” एवढं बोलून बसली. मिनिटातली चाळीस सेकंदं तिने परत केली, असं त्या चॅपलमध्ये क्वचितच घडतं.

कलम तीन. भिंगं घासायचं यंत्र, चौकटी वाकवायच्या पकडी आणि दुकानातलं बाकीचं सामान तुरुंगाधिकारी बाईंना. त्या तत्त्वज्ञानाच्या पदवीधर. तुरुंगात त्यांनी चष्मे बनवायचा वर्ग काढला आहे आणि सुटून गेलेले दोघेजण आज स्वतःची दुकानं चालवतात. त्यांतलं एक माझ्याच गल्लीत आहे आणि माझी गिऱ्हाइकं पळवतं. माझी तक्रार नाही. पूर्वी त्याचा मालक याहून वाईट गोष्टी पळवायचा. इतिहास शिकून चष्म्याचं दुकान टाकलं तेव्हा वडील मला म्हणाले होते, “मागचं बघायला शिकलास, आता लोकांना पुढचं दाखव.” त्यांनी ते रागाने म्हटलं होतं. मी आशीर्वाद समजून चालवून घेतलं.

कलम चार. यात जुन्या उधाऱ्या मिटवतो. वसतिगृहातला माझा खोलीसोबती, आता हृदयाचा नामांकित शल्यविशारद, मुलाखतीसाठी माझा काळा कोट घेऊन गेला. तोच कोट घालून त्याने पुढे लग्नही केलं. तो कोट मी त्याला या कलमान्वये रीतसर देत आहे. आता तरी त्याने मला पाहून रस्ता बदलू नये.

दुसरा सोबती बिशप झाला. दुकानातला जवळची नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता मात्र त्याला द्यावा. त्याला जवळचं दिसत नाही, हे तो कबूल करत नाही. बायबलचा शास्त्रपाठ पाठ म्हणतो आणि मध्ये स्वतःचीही चार वाक्यं घालतो. हातघंटीही त्यालाच. मिनिटाची मर्यादा त्याच्याइतकी कोणी मोडलेली नाही, तेव्हा हे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं आहे. पण दुसऱ्यांची भाषणं ऐकायला लागली की माणूस सुधारतो, हा माझा अनुभव आहे.

कलम पाच. हे पाणीवाल्या बाईंसाठी. त्या माझ्याच वर्षाच्या, रसायनशास्त्राच्या. सगळी नोकरी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत केली. पती गेल्यानंतर माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या, त्याला पंधरा वर्षं झाली.

एका उन्हाळ्यात नमुन्यात त्यांना नको ते दिसलं आणि त्यांनी अख्ख्या शहराचं पाणी बंद केलं. महापौर धावत प्रयोगशाळेत आले. “बाई, लोक मला कच्चा खातील!”

“खाऊ द्या,” बाई म्हणाल्या. “पाणी पिऊ देणार नाही.”

आठवडाभर शहराने त्यांच्या नावाने बोटं मोडली. कोणीही आजारी पडलं नाही, म्हणून कोणाला काही आठवत नाही. जे घडलंच नाही त्याचा सत्कार कोण करणार? मेळाव्यात त्या दरवर्षी उभ्या राहतात आणि म्हणतात, “विशेष काही नाही. बसू का?” आमच्या विद्यापीठातून बाहेर पडलेलं सगळ्यात मोठं माणूस कोण, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खालच्या मजल्याकडे बोट दाखवलं असतं.

काल त्या उभ्या राहिल्या आणि बराच वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, “यंदा मात्र एक सांगायचंय.” आणि माझ्या हाताने घंटी वाजवली. मिनिट संपलं होतं. चाळीस वर्षांची सवय, हाताला कोण बोलतंय ते कळत नाही. सगळे हसले, त्याही हसल्या आणि बसल्या. घरी येताना जिन्यात मी विचारलं, “काय सांगणार होतात?”

“वेळ संपली ना? आता पुढच्या वर्षी.”

एकाहत्तराव्या वर्षी पुढच्या वर्षावर भिस्त ठेवणं मला परवडत नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून बाई, पंधरा वर्षं जिना चढताना-उतरताना जे ओठांवर येऊन परत गेलं ते इथे लिहितो. माझं तुमच्यावर प्रेम आहे. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?

या कागदात तुमच्यासाठी काही ठेवलेलं नाही, तो कंजूषपणा नव्हे. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि तुम्हाला मी साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. उत्तर नाही असेल तर खाली सही करा. मी विषय पुन्हा काढणार नाही, जिन्यात भेटलो की हवापाण्यावर बोलू. उत्तर हो असेल तर सही करू नका. हा कागद फाडू आणि दोघं मिळून नवा करू.

कलम सहा. माझ्या अंत्यविधीला प्रत्येकाने एकच मिनिट बोलावं. बिशपलाही सूट नाही.

सही: घंटीवाले
ठिकाण: राहतं घर, वरचा मजला, जेवणाचं टेबल
तारीख: मेळाव्याचा दुसरा दिवस, रविवार, उपासनेनंतर

पहिला साक्षीदार: भाचा, वकील. कलम पाच कुठल्याही कायद्यात बसत नाही. मामा शुद्धीवर आहेत, याची मात्र खात्री देतो. सही केली.

दुसऱ्या साक्षीदार: सही करत नाही. काल मी तुम्हालाच विचारायला उभी होते, सगळ्यांदेखत, म्हणजे तुम्हाला पळता आलं नसतं. कागद भाच्याकडे द्या आणि खाली या.