दंडावरची पाटी

अँथिमोसदादा,

कॉन्स्टँटिनोपलची हवा सोसेना म्हणून तू समुद्रापलीकडच्या मळ्यावर गेलास. नाजूक हो तुझी तब्येत! इथे साथीत माणसं चालता चालता कोसळतात, म्हणून बाहेर पडताना जो तो दंडाला पाटी बांधतो: आपण कोण, आणि प्रेत कुणाच्या दारी न्यायचं.

आईने पाटीवर तुझं नाव घालायला लावलं. मी म्हटलं, "अगं, तो पळालाय." तर माझ्यावरच डाफरली, "पळेल कसा? सम्राटाच्या दरबारातला माणूस आहे तो!"

चर्चच्या पायरीवरच ती गेली. पाटी वाचून हमालांनी तिला तुझ्या दारी नेलं. तुझा दारवान आतूनच ओरडला, "मालक नाहीत, पुढे न्या!" त्यांनी तिला तटाच्या बुरुजात, प्रेतांच्या ढिगावर टाकलं. माझं नाव पाटीवर नव्हतंच, मग मला कोण सांगणार? तिला शोधत फिरले, तेव्हा त्यातल्याच एका हमालाकडून हे कळलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझ्यासाठी एखाद्या नावाड्याने जीव का धोक्यात घालावा?

आज माझ्या पाटीवर शेजारच्या मासळीवालीचं नाव घातलं. तिने विचारलं, "तुला भाऊ नाही का गं?"

"होता," मी म्हटलं. "साथीने मेला."

फक्त आईची,
थिओडोटी