भिंतीपलीकडची पुळण

नारायण पेठ, पुणे
२ ऑक्टोबर २०२४

चि. चंपास,
दादाचे आशीर्वाद. फोनवर तू नुसती रडतेस, मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

रविवारी परतताना दाजींची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली, आज चौथा दिवस. त्या दिवशी सांगितलं तेच पुन्हा सांगतो, पुळणीवरून हलू नकोस. तिथे गेलेलं माणूस भरती आपल्याच पुळणीला आणते. आपले बाबा पाचव्या दिवशी आले. चौकीत जाऊन तमाशा नको, माणूस हाती आल्यावर कळवू. दाजींना म्हटलं होतं, एकट्याने लांब जाऊ नका. पण बंदराच्या हद्दीत जाळं टाकू देत नाहीत, मग करणार काय. ओवीच्या शाळेच्या पुस्तकात मात्र आपला तालुका झकास आहे. मासे, मीठ, नारळ, त्यात आता बंदर, म्हणून भरभराट. नातीला म्हटलं, मिट ते पुस्तक.

गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे, नाहीतर आलो असतो. दोन घास खात जा. उपाशी बसून कुणी लवकर परत येत नाही.
तुझा दादा


खारवाडा
१० ऑक्टोबर

ती. दादांस चंपाचा नमस्कार.
तुम्ही सांगितलंत तशी नऊ दिवस बसले. काल आगरपाडीची मासळीवाली मला बघून थांबली. म्हणाली, बंदराची भिंत झाल्यापासून पाणी तिकडे वळतं, तुमची तुटकी जाळी, टोपल्या, सगळं आमच्याकडे लागतं. गेल्या बुधवारी एक माणूसही लागला. तीन दिवस कुणी विचारायला आलं नाही, तेव्हा पोलिसांनीच अग्नी दिला.

चौकीत गेले. सदरा ठेवला होता. खालचं बटण मीच जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने लावलेलं.

घरून आगरपाडी चालत पाऊण तास, दादा.

भटजी म्हणाले, कळलं त्या दिवसापासून धरा. तेरावा २१ ला आहे. जमलं तर या. गुडघा जपा, ओवीला पापा.
तुमची चंपा


पुणे
१५ ऑक्टोबर

चंपे,
पत्र पोचलं. त्यात मला एका शब्दाने बोल लावलेला नाहीस. लावायला हवा होतास. मी इथे चाळीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवली, गाव बघून अकरा वर्षं झाली, आणि पाणी कुठे वळतं ते मी तुला सांगितलं. आणि तू ऐकलंस.

डॉक्टर म्हणतात जिना उतरू नका. म्हणोत. शनिवारी सकाळी स्वारगेटहून निघतो. आधी आगरपाडीला जाऊ, बाकीचं मग.

माया आहे तशी राहू दे, एवढंच मागतो.

गाडी हल्ली गावात थांबते की बंदराच्या फाटकाशी, ते विचारून ओवीच्या फोनवर कळव. मला ठाऊक आहे असं धरू नकोस.
दादा