फुग्याच्या बाह्यांचं कटिंग

औरंगपुरा, औरंगाबाद
१२ जानेवारी २००९

प्रिय वैजू,

माझ्या कॉलेजातल्या फोटोतल्यासारखा ब्लाउज तुला लग्नात हवा, तोही स्वतःच्या हातानं शिवून! फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होते. साधी उशीची खोळ शिवताना तू मशीनच्या दोन सुया मोडल्या होत्यास. पण पुण्यात राहून शिकलीस म्हणतेस, तर शीव. कटिंग काढून पाठवलंय. तुझ्या बाबांच्या पेपरवरच काढलं, तेही त्यांचं शब्दकोडं व्हायच्या आत. दिवसभर घरात धुसफूस चालू होती.

फोनवर तू सरळ विचारलंस, आई, तू येणार ना? आणि मी कापड कोणतं घेतेस, अस्तर लावणार का, असलं काहीबाही विचारत बसले. फोन बैठकीत आहे आणि शेजारी हे बसलेले. यांनी सांडूभाऊंना त्यांच्या मुलासाठी शब्द दिला होता आणि तू बद्रीनाथशी लग्न ठरवून मोकळी झालीस. तेव्हापासून यांचं एकच, "या घरातलं कुणीबी जाणार नाय." बद्रीनाथ चांगला मुलगा आहे, हे त्यांनाही कळतं. अडलंय ते दिलेल्या शब्दावर.

असो. बाह्या कापताना नीट लक्ष दे. मुंढ्याला, म्हणजे बाही खांद्याशी जोडतात तिथं, पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खोल असते. पहिली बाही कापलीस की कागद उलटा करून दुसरी काप. मी केला नव्हता. बहात्तर साली गुलमंडीतून आणलेलं मोरपंखी कापड, आईच्या किती मिनतवाऱ्या करून मिळालेलं, आणि मी दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या! गॅदरिंग दोन दिवसांवर. माझ्या वर्गातल्या फहमिदाच्या घरी तिच्या मशीनपुढं बसून मी भोकाड पसरलं. ती म्हणाली, "रोती कायकू? पट्टी लगाते ना." तिचे अब्बा, कमरोद्दीनचाचा, हिमरूचं नक्षीदार कापड विणायचे. त्यांच्याकडून तिनं उरलेली चिंधोटी आणली. माझ्या उरलेल्या तुकड्यातून डावी बाही निघाली ती चार बोटं आखूड, तिला खाली हिमरूची पट्टी जोडली. मग उजवीही तेवढीच कापून तिलाही तशीच पट्टी. उरलेल्या हिमरूचा तिनं बटवा शिवला, तोच फोटोत माझ्या हातात आहे. गॅदरिंगमध्ये मुली विचारत होत्या, ही फॅशन कुठली गं? पुढच्या महिन्यात आमच्या वर्गात चौघींच्या बाह्यांना पट्ट्या होत्या. तू ज्या डिझाइनवर एवढी भाळलीस ना, ती माझी चूक आहे बाई. तरी लाव. दिसते छान.

फुग्याला चुण्या वरच्या बाजूला जास्त घे, खाली कमी. आणि धावदोरा घातल्याशिवाय मशीनवर बसू नकोस. तुला घाई फार, हे मी लहानपणापासून बघतेय. लग्नाचंही तसंच केलंस, महिनाभर थांबली असतीस तर मी यांना हळूहळू वळवलं असतं. याचा मला राग आला होता, तोही सांगून टाकते. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं ते तू एकटी कापडं बघत फिरतेस म्हणून.

परवा मी यांना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. रात्री जेवले नाहीत. सकाळी मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्यांचं मन वळलं तर येतील, मी वाट बघत थांबणार नाही. पार्सलमध्ये कटिंगच्या खाली माझा जांभळा ब्लाउज ठेवलाय, मापासाठी. त्या मापानं मलाही एक शीव, कापड तुझ्या आवडीचं. दंडात अर्धा इंच सैल ठेव, मी आता सुटलेय. हुक मात्र लावू नकोस. आदल्या दिवशी येतेय, दोघींच्या ब्लाउजना मीच लावीन.

तुझीच,
आई