हळदीच्या आधी भुवया नको

शिवांगी,

माझ्या आईला ताप हाय म्हणून मी निलंग्याला चालले. वरण झाकून ठेवलंय, भाकरी तेवढ्या टाक.

सकाळी लातूरच्या पार्लरवालीचा फोन मीच उचलला. उद्या तू भुवयांत रंग भरून घ्यायला जाणार म्हणं. मला सांगितलं न्हाईस, त्याचा राग न्हाई. पण ऐक. सुईनं कातडीवर बारीक चिरा पाडून रंग भरतात. दहा-बारा दिवस खपली राहते, तिला पाणीसुद्धा लागू द्यायचं न्हाई. आन् तुझी हळद गुरुवारी. आत्याबाई कपाळ सोडतील का? दोन्ही हातांनी चोळतील. तिथं नवरीला ‘थांबा’ म्हणता येत न्हाई.

लग्न झाल्यावर महिन्यानं खुशाल जा. आधी कानामागं रंग लावून दोन दिवस बघ, खाज सुटती का. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव.

माझी एक भुवई पुसल्यासारखी दिसते म्हणून तू लई हसतेस. मी भुवया माझ्या हळदीच्या तीन दिवस आधी करून घेतल्या होत्या. मला सांगायला कुणी नव्हतं.

तुझ्या दादाला अजून वाटतं, ती जन्मापासूनच तशी हाय. सांगू नको.

– वहिनी