बांधाआतलं पाणी

प्रिय आबा,

“काल गोडं व्हतं म्हणून आज गोडं असंल, असं नाय गो मैना. चाखून बघ.” मी सात वर्षांची होते. उधाणाची भरती बांधाला टेकली होती आणि तुम्ही आतल्या, भाताच्या बाजूच्या चरातलं पाणी ओंजळीत माझ्यापुढे धरलं होतं. खारट लागलं तर बांधाला कुठंतरी चिंबोरीनं बीळ पाडलंय. गोडं लागलं तर गाव निवांत. शंभरदा घडलं म्हणून एकशे एकाव्यांदा घडेलच याला पुरावा नसतो, हे रोह्याच्या कॉलेजात शिकवायला मला तीन तास लागतात. शेवटी मी तुमची ओंजळच सांगते.

इकडे रोह्यात सगळे बरे आहोत. तुमची नात मनस्वी बारावीला गेली, वाद घालण्यात तुमच्यावर गेली.

गेल्या अमावास्येला मी रोह्याहून गावी आले, तेव्हा वालाच्या बिरड्यात मी मीठ घातलं आणि अनितानंही घातलं. प्रविण बायकोला नि मला म्हणाला, “नणंद-भावजय मिळून खाडीच वाढलीत.” त्यानं ताट सरकवलं. तुम्ही मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. सुनेचं मन राखताय, असं वाटून आम्ही हसलो.

दुपारी भरतीला तुम्ही चरातलं पाणी चाखलंत, “गोडं हाय” म्हणालात, आणि बांधावर जमलेली माणसं घरी गेली. तुमच्या मागे मीही चाखलं. खारट. जेवणाचं मीठ जिभेवर असेल म्हणून हापशावर चूळ भरून पुन्हा चाखलं. तरी खारट. स्वतःच्या जिभेवरही भरवसा नको, म्हणून अनिताला बोलावलं. तीही तेच म्हणाली. प्रविणनं कमरेएवढ्या पाण्यात उतरून बीळ शोधलं, पेंढा आणि चिखल ठासला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. त्याची लाज वाटते, म्हणून हे पत्र.

आबा, तुमच्या जिभेला आता मीठ कळत नाही. आपण सगळं जिच्यावर तपासतो, ती जीभ कुणी तपासायची, हे मला पुस्तकात नाही, त्या चराशी कळलं. पन्नास वर्षं ती खरं बोलली. पण कालचं आजला पुरत नाही, हे तुमचंच. या वेळी मी गप्प बसणार नाही, अमावास्येला येतेय. तुम्ही नाय म्हणाल, ठाऊक आहे, आणि दोन दिवस बोलणारही नाही. तरी मागते: सगळ्या गावासमोर, तुमच्या हातानं, ती ओंजळ अनितापुढे धरा.

तुमच्याच ओंजळीतलं प्यायलेली,
मैना