काटेशेराच्या कांड्या

१२ नोव्हेंबर १९३१
मिळाली! जज्जसाहेबांच्या बंगल्यावरच्या भागोजी माळ्याने अखेर फांदी दिली. कचेरीतून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. शेरासारखा चीक, निवडुंगासारखे काटे, आणि शेंड्याला काय ती तांबडी फुलं! खरं नाव भागोजीलाही ठाऊक नाही. कमळा म्हणते, काटेशेर. तेच ठेवू.
मागल्या पडवीत बसून बोटभर लांबीच्या कांड्या केल्या. चीक पाण्यात धुतला, कापलेल्या जागेला राख लावली. भागोजीने बजावलंय — "लगेच मातीत नका घालू. जखम सुकू द्या तिची. वली लावलात तर कुजंल."
छोटी गोदा जवळ येत होती, कमळाने तिला मागे ओढली. मग एकदम ओरडली, "अहो, रक्त!"
तळहाताच्या कडेला काटा मोडला होता. करंगळीखाली. रक्त मनगटापर्यंत आलेलं. "एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?" म्हटलं, कामात लक्ष होतं.

१३ नोव्हेंबर
लक्ष कामात नव्हतं. कमळा बोलत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो.

१७ नोव्हेंबर
कांड्यांची तोंडं सुकून पांढुरकी झाली. पडवीत एकटाच होतो. एक काटा घेऊन करंगळीत टोचला. मग तिच्या शेजारच्या बोटात. काही नाही. आणखी दाबला. रक्त आलं, दुखलं नाही.
डाव्या हाताला टोचला तर कळवळलो.

१८ नोव्हेंबर
थंडीने बधिरतात हात. नकलनवीसाचं बोट — दिवसभर टाक धरायचा. दुसरं काही नाही.

६ डिसेंबर
भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू धुऊन तिच्यात जांभ्याचा चुरा मिसळला, करवंट्यांना भोकं पाडली आणि कांड्या लावल्या. पाणी घातलं नाही. कमळा म्हणाली, "तहानलेलंच ठेवायचं? कसलं हे रोप!" मी हसलो. बरं वाटलं.
कोपराजवळ फिकट डाग आहे. केव्हाचा आहे आठवत नाही.

२० डिसेंबर
गोदा मांडीवर चढायला लागली, मी झटकलं. रडली. कमळाने तिला उचलून आत नेली. रात्री मी अंथरूण ओटीवर टाकलं तर म्हणाली, "माझं काय चुकलं ते तरी सांगा."
काय सांगू!

९ जानेवारी १९३२
खेडला जाऊन आलो. इथला डॉक्टर नको होता — इथे मला सगळे ओळखतात. त्या डॉक्टराने पिसाने हात चाचपला, कोपराची शीर दाबली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग साबणाने हात धुतले. धुताना माझ्याकडे पाठ केली होती. तेव्हाच समजलो.
महारोग.
म्हणाला, लवकर आलात, तेलाच्या सुया घेतल्यात तर आटोक्यात येईल. परत येताना मोटारीत एक बाई शेजारी बसली. मी उठून मागे गेलो.

१० जानेवारी
कमळाला सांगितलं. चुलीपाशी होती. ऐकून घेतलं, भाकरी उलटली, तव्यावरून काढली. मग उठली आणि माझा हात धरला. तोच हात! मी हिसडला.
"धरू द्या," म्हणाली. "सात वर्षं धरलाच ना? आज एका दिवसाने काय व्हायचंय?"
दोघंही रडलो. भाकऱ्या तशाच राहिल्या.

१४ जानेवारी
सदूला बोलावून घेतला. पाठचा भाऊ माझा. खांबाला टेकून उभा राहिला, बसला नाही. "दादा, राग मानू नकोस. पण गोदाचं लग्न व्हायचंय उद्या. माझ्याही पोरी आहेत. तू मुंबईला नोकरीवर गेलास, असं सांगू सगळीकडे."
बरोबरच आहे त्याचं. निम्म्या गावाचे पुरुष मुंबईला आहेत. कोण विचारतो!

२ फेब्रुवारी
महारोग्यांच्या आश्रमात आलो. कौलारू खोल्या, भोवती दगडांचा गडगा, पुरुषांचे आणि बायकांचे वॉर्ड वेगळे. पहाटे निघालो, गोदा झोपेत होती. जवळ गेलो नाही. दारातून पाहिलं.
कमळाने मुळं धरलेली एक करवंटी हातात दिली. "हिला बघा तिथे," म्हणाली. पदर तोंडात कोंबून आत गेली.

५ फेब्रुवारी
सुई. तेल जाड, जागा पेटते. दुखतं! अंगाला दुखतं याचा आनंद झाला.

२१ मार्च
डॉक्टर खाटेपाशी आले, करवंटी पाहिली आणि चिडले. "काटे? बधिर हातांनी? जखम कळणार नाही, चिघळेल, बोट जाईल. टाकून दे." मी हात जोडले. शेवटी म्हणाले, हात लावायचा नाही, एवढी अट.
शेजारच्या खाटेवरचा धोंडू पूर्वी गलबतावर तांडेल होता. त्याच्या उजव्या हाताला बोटं उरलेली नाहीत. त्याने सांगत सांगत माझ्याकडून बांबूची पट्टी चिरवून घेतली, वाकवून चिमटा झाला. आता कांडी चिमट्याने धरतो, सुरी डाव्या हाताने.

१० एप्रिल
कमळा आली. फाटकाच्या बाहेर ती, आत मी. गोदा विचारते, बाबा मुंबईहून बाहुली कधी आणणार. कमळाने तिला सांगितलंय, पाऊस संपून आगबोट पुन्हा सुरू झाली की.
पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाली.

२ जुलै
पावसाने घात केला. मूळ रोप बुडापासून कुजलं, काळं पडलं, चिमट्याने दाबलं तर पाणी. वरच्या वीत-वीत फांद्या हिरव्या होत्या. कापल्या, तुकडे केले, स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगून सुकवले. धोंडू म्हणाला, "बरं झालं. मेलं नसतं तर इतकी झाली नसती."
कमळा पावसातून आली होती. भिजलेली. बोलली कमी.

१८ ऑक्टोबर
कांड्या जगल्या. वॉर्डाच्या पडवीत ओळ लागली आहे. सगळे हसायचे, आता जो तो मागतो. धोंडूने एक नेली आणि उशाशी ठेवली.
कमळा आली नाही.

१५ डिसेंबर
आली नाही.

७ जानेवारी १९३३
सदू आला. गडग्यापलीकडून बोलला. "वहिनीला बरं नाही." काय होतंय विचारलं तर, "बायकांचं काहीतरी." गोदाचं विचारलं तर, "मजेत आहे." माझ्याकडे बघेना.

८ जानेवारी
मी मूर्ख नाही. वर्ष झालं. पंचविशीची बाई, किती दिवस फाटकाशी यायचं तिने? लोक विचारत असतील, दर महिन्याला जातेस कुठे? थकली असेल. किळस आली असेल. तिचा दोष नाही.
तिचा दोष नाही असं लिहिलं खरं, पण आज जेवलो नाही. संध्याकाळी एक करवंटी गडग्यावर आपटून फोडली.

१२ फेब्रुवारी
फुलं आली! सगळ्या ओळीला. जोडीजोडीने, तांबडी, लहान. बायकांच्या वॉर्डातूनही बघायला आल्या. धोंडूला नीट दिसत नाही आता, त्याने विचारलं, "कसा रंग आहे रे?" म्हटलं, कुंकवासारखा.

३० मार्च
नाकातला आणि कानाचा नमुना पुन्हा तपासला. डॉक्टर म्हणाले, मागल्याप्रमाणे याही खेपेस काही सापडलं नाही. पावसाआधी घरी! बोटं बधिर ती बधिरच राहतील, पण रोग थांबलाय. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी वर उचललं. हाताला धरून उचललं!
घरी. पण कुठल्या घरी? तिने दार उघडलं नाही तर? तरी जाणार. ओटीवर उभा राहीन, गोदाला लांबून बघेन, बाहुली ठेवून परत फिरेन. कमळाला एक शब्द विचारणार नाही.
विचारणार. पावसानंतर एकदाही यावंसं वाटलं नाही का, एवढंच.

११ मे
भागोजीला निरोप पाठवला होता. तो स्वतः आला. रोपं बघून म्हणाला, "साहेबाच्या बंगल्यात नाय येवढी." चार त्याला दिली. धोंडूला सगळी ओळ दिली. मला एकही नको म्हटलं. उद्या सुटायचं.

१२ मे
सकाळी कमळा आली. फाटकाशी थांबली नाही, आत आली. बरोबर गाठोडं. नर्सबाईंनी तिला बायकांच्या वॉर्डातली खाट दाखवली.
कपाळावर, भुवईपाशी डाग.
"कधीपासून?"
"गेल्या पावसापासून."
"बोलली का नाहीस?"
"तुम्ही बरे होत होतात. ऐकून सगळं सोडून दिलं असतंत. काल भागोजीने सांगितलं, आज सुटताय, म्हणून आले."
म्हटलं, मी जात नाही. डॉक्टरांना सांगतो, माझी खाट राहू द्या. तर पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, सगळ्या वॉर्डासमोर. "गोदा सदू-भावोजींच्या पडवीत झोपते! वेगळं ताट, वेगळा तांब्या! तुम्ही जायचं. आत्ता जायचं!"
दुपारच्या मोटारीने निघतो आहे.